रेनो कांगासचा डावा हात

रेनो कांगास माझ्या बहिणीचा नवरा. आमच्या अहमीक गावात त्याला न ओळखणारं कुणी नाही, कारण रस्त्यांवरचा बर्फ काढायचा काउंटीचा सरकारी ट्रक त्याने जन्मभर चालवला. पहाटे त्याचा नारिंगी दिवा खिडकीवरून फिरत गेला की आज शाळेच्या स्वयंपाकघरात आपण वेळेत पोचणार, हे मला अंथरुणातच कळायचं. या माणसाला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं गावात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही, आणि दुसरं कुणी म्हणालं तर त्याला गप्प करते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नोकरी सुटली आणि रेनो घरात व्हर्नाच्या पायात पायात यायला लागला. व्हर्ना म्हणजे माझी थोरली बहीण. ती चुलीपाशी गेली की हा दारात, ती कपडे धुवायला तळघरात उतरली की हा जिन्यावर. शेवटी तिनेच वैतागून कॉम्प्युटरवरचा गाड्या चालवायचा एक खेळ आणला, सोबत टेबलाला आवळायचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं. "घे, इथे बस आणि मला जगू दे," म्हणाली. तो बसला तो बसलाच.

हा खेळ शर्यतीचा नाही. त्यातल्या गाड्या खऱ्यासारख्या घसरतात, चेपतात, त्यांची चाकं निखळून घरंगळत जातात. जगभरचे रिकामटेकडे त्यात आपल्या मनच्या गाड्या बनवून घालतात. अशाच एका टोळीत रेनो शिरला आणि मागोमाग मलाही त्याने ओढलं. म्होरक्या होता टोलीडो शहरातला डेक्स्टर पगानो. दिवसा लोकांची छपरं दुरुस्त करायचा आणि जेवण झालं की हेडफोनमधून आमचं डोकं खायचा. त्याला आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. आमच्या गाड्यांची इंजिनं बनवायचं काम रेनोकडे होतं आणि आवाजांचं माझ्याकडे, कारण माझे कान तिखट आहेत. जीभही आहे, पण तिचा तिथे उपयोग नव्हता. गावात कुणाचंही बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज टिपायला मी आत माइक लटकवायचे. पास्टर आत प्रार्थनेला लागले की बाहेर त्यांची गाडी माझ्या ताब्यात असायची.

खेळातली मोठी सोय म्हणजे रीसेटचं बटण. गाडी दरीत पडो की झाडाला गुंडाळली जावो, कीबोर्डवरचं ते एक बटण दाबलं की ती पुन्हा कोरी करकरीत होऊन रस्त्यावर उभी. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला कीबोर्ड ठेवायचा, म्हणजे बघावंही लागत नाही. आम्ही बोलता बोलता, कॉफी पिता पिता ते बटण दाबायचो. माझ्या घरीही रेनोने अशीच मांडणी करून दिली होती.

त्या हिवाळ्यात आमची मार्कीज चालली होती. ऑल्डन ही आमची मनची कंपनी आणि मार्कीज तिची सगळ्यात महागडी एसयूव्ही. अडीच टनांचं धूड, आत मऊ कातडं, मागे बसणाऱ्याच्या पाठीला शेक. बाहेरचं सगळं तयार होतं. तिला कुठली इंजिनं द्यायची यावर गाडं अडलं होतं.

इंजिन निवडायची आमच्या टोळीची एक रीत होती. इंजिन सुचवणाऱ्याने आधी गिऱ्हाईक उभं करायचं. हे इंजिन घेतलेली गाडी कोण विकत घेईल, कुठे राहतो, कुठे जातो, कशाला जातो, हे सगळं सांगायचं. गिऱ्हाईक खोटं वाटलं तर इंजिन बाद.

"आठ सिलिंडरचं व्ही-एट घ्यायचं, जोर वाढवायला त्याला दोन टर्बो लावायचे, सातशे घोड्यांची ताकद," डेक्स्टर म्हणाला. "लोक नाचतील."

"गिऱ्हाईक उभं कर," रेनो म्हणाला.

"उभं आहे की! दात पांढरे करून घेतलेला वकील. डोंगरात बंगला. बायको तिसरी."

"आणि डोंगरात बर्फ पडला की?"

"मग वकील मरेल. वकिलांचा काय तुटवडा आहे?"

मी खो खो हसले. रेनो हसला नाही.

"ऐक. टर्बो आधी झोपलेला असतो," तो म्हणाला. "बर्फात गाडी सरकली की माणूस घाबरून पाय दाबतो. काही होत नाही. आणखी दाबतो. मग सगळे घोडे एकदम अंगावर येतात. घोडे किती ते मला सांगू नकोस. ते केव्हा येतात ते सांग."

"मग डिझेल घेऊ."

"डिझेल जड. नाक जड झालं की उतारावर गाडी वळत नाही, सरळ जाते. एका ओळीतले सरळ सहा सिलिंडर घे. टर्बो नको. पाय जेवढा, तेवढंच इंजिन."

"अरे बाबा, आपण लक्झरी गाडी बनवतोय, ट्रॅक्टर नाही! कोण घेईल ती?"

रेनो म्हणाला, "एक बाई आहे. तिला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं, बर्फ असो वा नसो. नवरा चालवतो. नवऱ्याला भीती वाटते."

"एवढी महागडी गाडी घेणारा आणि भित्रा? खोटं गिऱ्हाईक. बाद!" डेक्स्टर म्हणाला.

एरवी मी मध्ये तोंड घालते, त्या दिवशी घातलं नाही. ते गिऱ्हाईक कोण हे मला माहीत होतं.

व्हर्नाच्या दोन्ही किडन्या आदल्या वर्षी बसल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला कालव्यापलीकडच्या गावात डायलिसिसला न्यावं लागे. एक खेप चुकली तर पाय सुजायचे, दोन चुकल्या तर छातीत पाणी भरायची भीती. नेणारा अर्थात रेनोच होता. त्याच्यासारखा ड्रायव्हर असताना दुसरं कुणाला विचारायचं?

या वादाच्या थोडं आधीची, नोव्हेंबरातली गोष्ट. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, रेनो डोळे मिटूनही गेला असता अशा ठिकाणी, गाडी काळ्या बर्फावर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ थरावर, सरकली आणि हळूच कडेच्या ढिगाऱ्यात जाऊन रुतली. कुणाला खरचटलंही नाही. मात्र रेनोच्या, म्हणजे डाव्या, बाजूची काच खाली गेली होती आणि भुरभुर बर्फ आत येत होता. "खिडकी कशाला उघडलीस? उकडतंय का तुला?" असं व्हर्नाने विचारलं, आणि मग तोच विनोद तिने साऱ्या गावाला ऐकवला.

दोन-चार दिवसांनी रेनोने मला गॅरेजमध्ये बोलावलं.

"मार्लिस, गाडी घसरली तेव्हा मी काय केलं माहीत आहे?"

"खिडकी उघडलीस. पार चर्चपर्यंत गेली आहे ती बातमी."

"मी रीसेट दाबलं."

मला आधी हसूच आलं. "मग? झाली का गाडी सरळ?"

त्याने डावा हात पुढे केला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहत राहिला. "मी सांगितलं नाही, तरी हा स्टिअरिंग सोडून गेला. दाराजवळ जाऊन बटण शोधायला लागला. तिथे काच खाली करायचं बटण होतं, ते दाबलं. मी ट्रक चालवला तो याच हाताने. समोरून लाकडांचा ट्रेलर आला असता तर? व्हर्ना शेजारी होती, मार्लिस." त्याचे ओठ पांढरे पडले होते. मग माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्या दिवसापासून त्याने गाडी रस्त्यावर काढली नाही. व्हर्नाला त्याने गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि तिला न्यायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतली भांडी आवरली की मी माझ्या गाडीतून तिला घेऊन जायचे. रेनो रोज सकाळी गॅरेजचं दार उघडून त्याची जुनी सहा सिलिंडरची गाडी सुरू करायचा, स्टिअरिंग धरून बसायचा आणि पुन्हा बंद करायचा. मी येता जाता टोमणा मारायचे, "आज गॅरेजात किती मैल झाले?" तो कसनुसा हसायचा. मी गाडी काढली की वळणापर्यंत अंगणात उभा राहायचा, आणि आम्ही परत येईपर्यंत पोटात अन्नाचा कण घ्यायचा नाही, हे मला व्हर्नाकडून कळलं.

"खेळ सोडून दे सरळ," मी त्याला म्हटलं.

"सोडला म्हणून खोड जाते का? जिथे लागली तिथेच घालवायला हवी."

आणि त्याने टोळीपुढे नवीनच खूळ मांडलं. मार्कीजची इंजिनं निवडायची ती रीसेटशिवाय. डोंगरातला बर्फाळ उतार, प्रत्येक इंजिन लावून प्रत्येकाने उतरायचं, आणि गाडी फुटली तर त्या दिवसापुरता खेळ संपला. फुटलेली गाडी तशीच समोर पडून राहील, बटण दाबायचं नाही. स्वतः तर तो डाव्या हातात चारही बोटं एकाच पिशवीत जातात असा जाड कातडी हातमोजा घालून बसायला लागला. लाकडं फोडताना घालतात तो. त्यातून बटण दाबताच येत नाही.

"कांगास, भट्टीतून पाव काढतोयस की गाडी चालवतोयस?" मी चिडवलं.

"तू पण घाल," तो म्हणाला.

मी काही घातला नाही. मला काय धाड भरली होती?

डेक्स्टर हट्टाने सातशे घोडे घेऊन पहिला उतरला. पहिल्या वळणावर नेमकं रेनो म्हणाला तसंच झालं. पाय दाबला, काही नाही, आणखी दाबला, आणि मार्कीज गर्रकन फिरून कठड्यावरून खाली. समोर चेपलेल्या दारांचा तो गोळा तसाच पडून. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उतरला तेव्हा इतका हळू की मला जांभया आल्या.

"तळहात ओले झाले माझे," शेवटी तो म्हणाला. "बटण नाही म्हटल्यावर खेळ वेगळाच होतो रे."

मग तो रोज उतरायला लागला आणि रोज घोडे कमी करत गेला. शेवटी त्यानेच सांगितलं की मार्कीजचं मुख्य इंजिन सरळ सहा सिलिंडर, वर पैसे टाकणाऱ्यासाठी टर्बो नसलेलं व्ही-एट, आणि सातशे घोडे बाद. "तुझं ते भित्रं गिऱ्हाईक खरं आहे," तो रेनोला म्हणाला. "मी पाहिलं त्याला. मीच तो."

रेनोचा चेहरा त्या दिवशी जरा मोकळा झाला. मी त्या सहा सिलिंडरला त्याच्याच गाडीचा आवाज दिला. नियम मात्र मी पाळला नव्हता. सगळ्यांसमोर पाळायचे, पण घरी एकटी असले की बटण दाबून मोकळी व्हायचे. रोज एकदाच गाडी फोडून गप्प बसायला माझ्याकडे कुठे एवढा धीर होता?

जानेवारीत मी माझ्याच पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. त्याच आठवड्यात गावाशेजारच्या मोठ्या सरोवरावरून असा बर्फ आला की रस्ते बंद, रुग्णांची व्हॅन बंद, शाळा बंद. व्हर्नाची सोमवारची खेप चुकली. बुधवारीही निघता आलं नाही. गुरुवारी सकाळी मी गेले तर ती खुर्चीत बसूनच झोपली होती, कारण आडवं झालं की तिला श्वास लागत होता. पाय सुजून चपलेत मावेनात. दवाखान्यातून फोन आला, रस्ता मोकळा झालाय, दुपारी या, खुर्ची रिकामी ठेवतो. रुग्णवाहिका कुठल्याशा अपघाताला पलीकडे गेली होती आणि कधी सुटेल हे कुणी सांगेना.

"मी एका हाताने चालवते," मी म्हटलं.

"वेड लागलंय का?" व्हर्ना धापा टाकत म्हणाली. "रेनो, काढ गाडी. तुझा गुडघा एक दिवस दुखला तरी चालेल."

रेनो भिंतीला टेकून उभा होता. मी तिच्या पाठीमागून त्याच्याकडे पाहत होते. त्याला नाही म्हणायचं होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग त्याने कोट घातला, डाव्या हातात तो कातडी हातमोजा चढवला आणि गॅरेजकडे गेला. व्हर्नाला आम्ही पुढच्या सीटवर बसवलं. मी तिच्या मागे बसले, शेजारी तिची घोंगडीची पिशवी.

रेनो गाडी इतकी हळू चालवत होता की मागची गाडी भोंगा वाजवून पुढे गेली. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. प्रत्येक वळणाआधी तो पुटपुटायचा, "पाय हलका. हात जागेवर." व्हर्नाच्या श्वासाला आतून बुडबुडल्यासारखा आवाज येत होता, आणि माझे कान तिखट असल्याचा मला त्या दिवशी राग आला.

"बोल काहीतरी," ती त्याला म्हणाली.

"बोललो तर घाबरेन."

"आत्ता काय नाचतोयस का?"

तिने हसायचा प्रयत्न केला आणि तिला ठसका लागला. रेनोने वेग वाढवला नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे चालव ना जरा!

क्विन्सीच्या उतारावर ते झालं. रस्ता तिथे गावाकडे घरंगळतो, खाली कालवा आणि पूल दिसतो. निम्म्या उतारावर सामानाचा एक ट्रक आडवा होऊन अडकला होता, त्याच्या मागचं टोक आणि बर्फाची भिंत यांच्यामध्ये गाडीभर जागा. रेनोने ब्रेक लावला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकायला लागली. तिरकी होत, मागचा भाग पुढे येत, ट्रकच्या लोखंडाकडे. ते लोखंड नेमकं व्हर्नाच्या बाजूला होतं.

"येशू!" व्हर्ना म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

रेनोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याने ब्रेकवरचा पाय काढला. अशा वेळी ब्रेक सोडायला काय लागतं ते मला सांगता येणार नाही. त्याने चाकं त्या जागेकडे वळवली आणि अगदी थोडासा, अंड्यावर पाय ठेवावा तसा, वेग दिला. इंजिनाने तेवढंच दिलं. पुढची चाकं कुठेतरी रस्त्यावर टाकलेल्या वाळूला लागली, गाडी सरळ झाली आणि आम्ही मधून निघालो. व्हर्नाच्या बाजूचा आरसा ट्रकला लागून फटकन तुटला. मग पूल आला, आणि पुलावरही रेनो तेवढ्याच वेगाने गेला.

दवाखान्याच्या दारात दोन नर्स चाकांची खुर्ची घेऊन उभ्याच होत्या. व्हर्नाला आत नेलं. काही वेळाने एकीने येऊन सांगितलं की मशीन लागलंय, पाणी निघतंय, आज आणलंत ते बरं झालं. रेनो कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला आणि त्याचे गुडघे थडथडायला लागले. हातमोजा काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. मी कॉफी आणून दिली.

"तुझं मनगट बरं होईपर्यंत मी आणतो तिला," तो म्हणाला. "पण मग तू ने, मार्लिस. मला नाही झेपत. कितीदा गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. तू कशी बिनधास्त नेतेस."

"नाही नेणार," मी म्हटलं.

"का?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण आतमध्ये माझी बहीण होती.

"गाडी ट्रककडे जात होती ना, तेव्हा माझा हात व्हर्नाच्या पिशवीवर होता. डावा. बोट पिशवीत रुतलं होतं. दाबत होते, पुन्हा पुन्हा दाबत होते."

त्याने कप खाली ठेवला. "सुटेल ती खोड. माझी सुटली. मी शिकवतो तुला."

"बोटाचं सोड. तुला भीती वाटत होती का तेव्हा?"

"अजून वाटतेय. पाय बघ माझे."

"मला वाटली नाही, रेनो. ते लोखंड तिच्या डोक्याकडे येत होतं आणि मला जराही भीती वाटली नाही. मला वाटलं, होईल आता सगळं पहिल्यासारखं. आणि अख्खा डिसेंबर मी तिला घेऊन याच उतारावरून उतरत होते."

मी डाव्या हाताने कोटाच्या खिशातून माझ्या गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातमोज्यात ठेवली. त्याने ती परत दिली नाही.